३२ बाइटांचा षड्ज

आधी स्वेटर काढून हातात घ्या. बाहेर डिसेंबरातलं डेन्मार्क आहे, दुपारी चारलाच अंधारून आलंय, वारा कानाच्या पाळ्यांना झोंबतोय, सगळं कबूल. पण हे दार ढकललंत की मिनिटाभरात घाम फुटणार आहे. आत हजारावर पोरं आहेत आणि बहुतेकांच्या पुढ्यात एकेक मॉनिटर, नाहीतर घरून उचलून आणलेला टीव्ही तापतोय. चष्मा असेल तर तोही काढा, त्यावर वाफ धरेल. चला.

पहिल्यांदा अंगावर येतो तो वास. गरम प्लास्टिक, गार झालेला पिझ्झा, टेबलावर सांडून चिकट झालेलं कोक, ओले बूट, आणि कालपासून ज्यांनी तोंडसुद्धा धुतलेलं नाही अशा माणसांचा सामुदायिक घाम. नाक मुरडू नका. पाच मिनिटांनी तो तुम्हाला येईनासा होईल आणि रात्रीपर्यंत तुमच्याही शर्टाला तोच येईल. त्याच्यामागून आवाज येतो. प्रत्येक टेबलावर वेगळी चाल, प्रत्येकानं शेजाऱ्यावर मात करायला वाढवलेला व्हॉल्यूम, डॅनिश, जर्मन, स्वीडिश आणि मोडक्या इंग्रजीतली आरडाओरड. आणि या सगळ्याच्या तळाशी एक बारीक टिक्… टिक्… टिक्. अमिगा या संगणकाच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये डिस्क नसली की तो थांबून थांबून अशी टिचकी मारत राहतो. इथे तसे कितीतरी रिकामे ड्राइव्ह एकाच वेळी टिचक्या मारताहेत.

गावाचं नाव ऑर्स. उत्तर जटलंडमधलं लहानसं गाव. नाताळ नुकताच आटोपलाय, साल १९९१, आणि या जमावाचं नाव आहे ‘द पार्टी’. पार्टी म्हटलं तरी कोणी नाचत नाहीये. खांद्याला खांदा लावून सगळे बसलेत, माना पुढे, डोळे पडद्यात.

खाली बघून चाला. वायरी आहेत, एक्स्टेन्शन बोर्डाला लावलेले एक्स्टेन्शन बोर्ड आहेत, आणि टेबलांखाली स्लीपिंग बॅगांमध्ये माणसं झोपली आहेत. एखाद्याच्या हातावर पाय पडला तर तो कूस बदलेल, डोळे उघडणार नाही. त्या कोपऱ्यात एक खुर्ची रिकामी दिसतेय. शेजारी साधारण सतरा वर्षांचा, लांब केसांचा, डोळे तांबारलेला मुलगा बसलाय. त्याच्याकडे बसा. तुम्ही कोण, कुठले, हे तो विचारणार नाही. एवढंच विचारेल, “डिस्क आणल्यास?”

त्याच्या पुढ्यातलं यंत्र नीट बघून घ्या, कारण पुढचे काही तास आपण त्याच्या पोटात राहणार आहोत. अमिगा ५००. दिसायला जाडजूड कीबोर्ड, रंग फिकट पिवळसर, उजव्या कुशीत फ्लॉपीची फट. अख्खा संगणक त्या कीबोर्डातच आहे. टेबलाखालचा जड ठोकळा हा त्याचा पॉवर सप्लाय. थंडीत पाय शेकायला पोरं त्याचा उपयोग करतात. मेमरी ५१२ किलोबाइट, आणि पोटाखालच्या खणात कार्ड बसवलं असेल तर आणखी तेवढीच. तुमच्या खिशातल्या फोननं काढलेला एक फोटोसुद्धा यात मावणार नाही. एका फ्लॉपीवर ८८० किलोबाइट बसतात. त्यातच चित्रं, त्यातच प्रोग्राम, त्यातच संगीत.

आवाजाचं खातं ‘पॉला’ नावाच्या चिपकडे आहे. ग्लेन केलर या इंजिनियरनं ती आखली. तिला चार वाटा आहेत. दोन डाव्या कानात जातात, दोन उजव्या कानात, मध्ये काही नाही. हेडफोन घालून बघा. ढोल एका कानात, सुरावट दुसऱ्या कानात, आणि तासाभरानं डोक्याची एक बाजू दुखायला लागते. पॉलाला वाद्य म्हणजे काय ते ठाऊक नाही, सूर ठाऊक नाही. मेमरीतल्या एका जागेपासून ती आकडे वाचायला लागते, प्रत्येक आकडा -१२८ ते १२७ यांच्यामधला, आणि त्या आकड्याइतका स्पीकरचा पडदा आत-बाहेर हलतो. कुठून वाचायचं, किती वाचायचं, किती वेगानं, किती मोठ्यानं आणि संपल्यावर परत कुठे यायचं, एवढं सांगितलं की ती कामाला लागते. यातून सुरेल वाद्य काढायचं काम शेजारच्या मुलाचं. आज तुमचंही.

तो डिस्क सारतो. ड्राइव्ह करवादतो, आणि पडद्यावर करड्या चौकटींचा दाटीवाटीचा कारभार उमटतो. प्रोट्रॅकर, संगीत रचायचा प्रोग्राम. याचं मूळ १९८७ सालचं आहे. कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणानं ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ लिहिला, आणि त्यात संगीत पाच रेघांवर आडवं न लिहिता उभं, वरून खाली, चार रकान्यांत मांडलं. पुढे लोकांनी तो उघडला, सुधारला, पुन्हा सुधारला. आता त्यात ३१ वाद्यांची जागा आहे. पडद्याचा खालचा अर्धा भाग बघा, निळे आकडे आणि अक्षरं एकेक ओळ वर सरकताहेत. ६४ ओळींचा एक पॅटर्न. ओळ मधल्या पट्टीत आली की तिच्यातले चार स्वर वाजतात.

“माइक धर,” मुलगा म्हणतो.

अमिगाच्या मागच्या प्रिंटरच्या पोर्टात त्यानं काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी खोचली आहे. हा सॅम्पलर. एका बाजूनं आवाज आत जातो, दुसऱ्या बाजूनं आकडे बाहेर पडतात. बाकीची पोरं यात वॉकमन जोडतात, कोणाच्या मोठ्या भावाचा सिंथेसायझर जोडतात, टीव्हीवरच्या सिनेमातली दारं आणि बंदुका भरून घेतात. तुमच्याकडे यातलं काही नाही. गळा मात्र आहे. गोंगाटात लाजायचं काही कारण नाही, कोणाचं लक्षही नाही. माइक ओठांशी आणा आणि जमेल तेवढा स्थिर सा लावा.

“सा…”

दोन सेकंद पडदा थिजतो, कारण संगणकाचं सगळं बळ पोर्टातून येणारे आकडे टिपण्यात गुंतलंय. मग तुमचा आवाज तुमच्यासमोर आडवा पडलेला दिसतो. डावीकडे केसाळ, विस्कटलेली झालर आहे. तो ‘स’चा फुत्कार. त्यानंतर रेष फुगते आणि लाटांची माळ सुरू होते, तो ‘आ’. लाटा एकसारख्या वाटतात, पण जवळ जाऊन बघितलं की प्रत्येक थोडी निराळी आहे. शेवटी श्वास कमी पडला तिथे माळ बारीक होत गेलीय. सेकंदाला १६,५७४ आकडे या वेगानं त्यानं भरलंय, म्हणजे दोन सेकंदांना तेहतीस हजारांवर बाइट. एका ‘सा’पायी.

आता कीबोर्डवर बोट ठेवा. खालच्या ओळीतली झेड ही कळ सा धरली, तर एस कोमल रिषभ, एक्स शुद्ध रिषभ, डी कोमल गंधार, सी शुद्ध गंधार. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या टाइपरायटरवर उतरवलेल्या आहेत. क्यूपासून वरचं सप्तक. क्यू दाबा.

स्पीकरमधून तुम्हीच गाता. “सा”, आणि दोन सेकंदांनी बंद. क्यूच्या उजवीकडच्या कळा दाबा. तुम्ही चढ्या सुरात गाता, पण चिमुरड्या पोराच्या घाईनं, लवकर आटपून. झेड दाबा, तर एक सप्तक खाली राक्षस गातोय, चार सेकंद. पॉला फक्त वेग बदलतेय. पीरियड नावाचा आकडा २१४ सांगितला की ती सेकंदाला १६,५७४ आकडे वाचते, ४२८ सांगितला की त्याच्या निम्मे, आणि सूर एक सप्तक खाली येतो. मधल्या स्वरांचे आकडे ट्रॅकरच्या कोष्टकात आधीच भरलेले आहेत. वेगाबरोबर लांबीही बदलते, आणि ‘आ’ची ओळख ज्या वारंवारतांमुळे ठरते त्याही जागच्या हलतात, म्हणून वरच्या स्वरांत गळा आक्रसल्यासारखा वाटतो.

गंमत पुरे. हे अजून वाद्य झालेलं नाही. वाद्य म्हणजे कळ दाबून ठेवली की सूर टिकला पाहिजे, सोडली की सुटला पाहिजे. त्यासाठी लूप लावायचा.

पडद्यावर दोन आकडे आहेत, ‘रिपीट’ आणि ‘रिपलेन’. पहिला सांगतो कुठे परत यायचं, दुसरा सांगतो तिथून किती लांब फिरायचं. ‘स’चा फुत्कार एकदाच वाजू द्यायचा आणि मग ‘आ’मधल्या एका तुकड्यावर रहाटगाडग्यासारखं फिरत राहायचं: तेच पोहरे, तेच पाणी, न थांबता. मुलगा अंदाजानं दोन जागा धरतो आणि तुम्हाला खूण करतो. झेड.

“साआआ टक् आआआ टक् आआआ टक्.”

खोट कुठे आहे ते तो बोट ठेवून दाखवतो. तुकड्याचं शेवटचं टोक रेषेच्या बरंच वर संपतंय आणि सुरुवातीचं टोक रेषेच्या खाली आहे. फेरी पुरी झाली की स्पीकरच्या पडद्याला एका क्षणात एवढी उडी मारावी लागते, आणि ती उडी म्हणजे तुम्हाला ऐकू आलेलं ‘टक्’. म्हणून दोन्ही टोकं शून्याच्या रेषेवर आणायची. तुम्ही एक टोक सरकवता. अजून बोचतंय. का? उंची जुळली, पण एकीकडे लाट चढतेय आणि दुसरीकडे उतरतेय, त्यामुळे सांध्यात कोपरा राहिलाय. दोन्हीकडे चढतीच लाट हवी. पुन्हा सरकवा. दोन बाइट डावीकडे. पॉला आकडे जोडीजोडीनं वाचते, त्यामुळे लांबी सम संख्येतच धरावी लागते. एकाचं पाऊल टाकता येत नाही. पुन्हा दोन. ऐका. पुन्हा दोन.

या कामात वेळ कसा जातो ते कळत नाही. मागून कोणी चिप्सची पिशवी पुढे करतं, तुम्ही न बघता हात घालता. समोरच्या रांगेत एका अमिगाच्या पडद्यावर काळ्या पट्टीत लाल चौकट लुकलुकायला लागते, ‘गुरू मेडिटेशन’ आणि पुढे एक लांबलचक क्रमांक. म्हणजे यंत्र कोसळलं, सेव्ह न केलेलं सगळं गेलं. तिथून एक दीर्घ हुंकार येतो आणि आजूबाजूची पोरं टाळ्या वाजवतात. शेजारचा मुलगा तेवढ्यात हात पुढे करून तुमचं काम डिस्कवर उतरवून घेतो.

आणि मग अचानक टक् नाहीसं होतं. कळ दाबून धरा. “साआआआआआ…” तुम्ही श्वास घेताय, शेजाऱ्याशी बोलताय, कोक पिताय, आणि तुमचा सूर चाललाय. पहिल्यांदा हे ऐकताना अंगावर काटा येतो. गळ्याला जे कधीच शक्य नाही ते तुमचाच गळा करतोय.

कान मात्र एवढ्यावर खूश होत नाही. अर्ध्या सेकंदाच्या लूपमध्ये तुमच्या आवाजातला एक बारीक हेलकावा अडकलाय आणि तो ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येतोय. वरच्या स्वरांत तो जास्त वेगानं येतो, खालच्या सप्तकात निम्म्या. तीन स्वर एकदम वाजवले तर तिघांचे हेलकावे तीन वेगांनी. लूप लहान करत न्या. हेलकावा कमी होतो, त्याबरोबर माणूसपणही कमी होतं. आणखी लहान. शेवटी एकच लाट उरते. आवाज खर्जाचा असेल, पांढरी एकच्या खालच्या सप्तकातला, तर या वेगाला तिची लांबी साधारण १२८ बाइट. तुम्ही त्याच्या वरच्या सप्तकात लावला असेल तर ६४. बाकीचे तेहतीस हजार पुसून टाका.

हात थरथरतोय? साहजिक आहे. पण आता झेड दाबा. फुत्कार नाही, श्वास नाही, हेलकावा नाही. एक सरळ, ताठ, न हलणारा सूर, आणि तरी त्याच्यात तुमच्या ‘आ’चा रंग ओळखू येतो. शिवाय लाटेची लांबीच आता सूर ठरवते. १२८च्या ऐवजी १२६ धरले तर सूर पाव अर्धस्वराहून किंचित जास्तच चढतो, तयार कानाला लगेच खुपतो. त्याच्यासाठी ‘फाइनट्यून’ नावाची एक कळ आहे, एका अर्धस्वराचे आठ भाग करून देणारी. इथल्या पोरांपैकी बहुतेकांना संगीताचं शास्त्र कोणी शिकवलेलं नाही. तंबोरा कोणी पाहिलेला नाही. पण सूर मिळवायला लागले की त्यांचेही डोळे आपोआप मिटतात, आणि मान त्याच कोनात झुकते.

एवढं कमी का करायचं, हा प्रश्न तुमच्या मनात आहेच. तर इथे डिस्कवरची प्रत्येक जागा भांडून घ्यावी लागते. गेमच्या आधी लावायची छोटी इंट्रो असेल, तर गेमनंच डिस्क भरलेली असते. चित्र, सरकती अक्षरं आणि संगीत मिळून उरलेल्या फटीत बसवायचं. संगीताच्या वाट्याला दहा-बारा किलोबाइट आले तरी पुष्कळ. एका ढोलाच्या ठोक्यातच ते संपतील. म्हणून गेली एक-दोन वर्षं एक निराळीच रीत फोफावलीय. इंग्लंडचा मॅथ्यू सिमंड्स, इथे सगळे त्याला ‘४-मॅट’ म्हणतात, आणि त्याच्यासारखे काही जण इवल्याशा लाटा लूप करून अख्ख्या चाली बांधतात. कमोडोर ६४ या जुन्या यंत्राच्या साउंड चिपचा स्वभाव त्यांना पुन्हा हवा आहे. या चालींना ‘चिपट्यून’ म्हणायला लागलेत.

मुलगा तुमची लाट बाजूला ठेवतो आणि रिकामी चौकट उघडतो. ३२ बाइट. “आता गाऊ नकोस,” तो म्हणतो. “काढ.”

माउस धरा. पहिले १६ आकडे वर, उरलेले १६ खाली. झाली एक चौकोनी लाट. सेकंदाला ८,२८७ आकड्यांच्या वेगानं ३२ आकड्यांची फेरी सुमारे २५९ वेळा होते, म्हणजे पेटीच्या मधल्या पांढरी एकला जेमतेम टेकणारा सूर. दाबा. पोकळ, थोडा नाकातला. आता वरचे आकडे ४ ठेवा आणि खालचे २८. तोच सूर, पण चिरका, धारदार, गर्दीतून वाट काढणारा. डोंगरासारखी तिरकी चढण आणि तिरकी उतरण काढलीत तर मऊ, घुमणारा, खर्जाला उत्तम. ३२ आकडे आहेत. मनाला येईल तशी रेघ ओढा, बरोबर-चूक असं काही नाही, आवडलं नाही तर पुसा. मला विचाराल तर या हॉलमधली सगळ्यात सुंदर जागा हीच, दोन इंच रुंदीची ही चौकट. डोळ्यांनी काढलेल्या रेघेचा नाद कानाला कसा लागतो, ते इथे तासाभरात हाताला कळतं. पुस्तकातून ते मला कधी एवढं पटलं नव्हतं.

सरळ सूर मेलेला वाटतो, मान्य. त्याच्यात जीव घालायचं काम रकान्यातल्या आज्ञा करतात. स्वराच्या पुढे ४ लिहून दोन आकडे दिले की सूर आंदोलन घ्यायला लागतो. ३ लिहिलं की एका स्वरावरून दुसऱ्यावर तो मींड घेऊन जातो. आपल्या कानाला हे लगेच आवडतं. ए लिहिलं की आवाज चढतो किंवा विरतो, ० ते ६४ या पायऱ्यांवर. आणि सगळ्यात मोठी जादू शून्याची आहे. ०४७ लिहा. म्हणजे सा, त्याच्यावर चार अर्धस्वरांचा शुद्ध गंधार, सातव्यावरचा पंचम. पॉलाच्या एका वाटेत एका वेळी एकच स्वर मावतो, त्यामुळे ट्रॅकर हे तिन्ही आळीपाळीनं वाजवतो, सेकंदाला ५० वेळा स्वर बदलत, युरोपातल्या टीव्हीचं चित्र जेवढ्या वेळा बदलतं तेवढ्याच वेळा. कान ते वेगळे करू शकत नाही. त्याला एक थरथरता, चमचमता त्रिस्वर ऐकू येतो. ०३७ केलंत की गंधार कोमल, आणि चाल एकदम उदास.

मुलानं तुमच्यासाठी अर्धा रकाना मोकळा ठेवलाय. पहिल्यात त्यानं तिरक्या लाटेचा खर्ज टाकलाय, आणि खर्जाच्या मधल्या फटींत ढोलाचे बारके ठोके, कारण वाट वाया घालवणं इथे पाप. दुसऱ्यात ०३७ची थरथर. तिसऱ्यात चिरकी सुरावट, आणि तीच सुरावट काही ओळी उशिरा, हळू आवाजात चौथ्यात, तो प्रतिध्वनी. चौथ्यातला अर्धा भाग आता तुमचा. तुमचा १२८ बाइटांचा ‘आ’ तिथे ठेवा. एक स्वर लिहा, चार ओळी सोडा, दुसरा लिहा. वाजवा. ओळी धावायला लागतात, रकान्यांवर रंगीत पट्ट्या उसळतात, आणि मुलगा पहिल्यांदाच पडद्यावरची नजर काढून तुमच्याकडे बघतो. पॉवरचा लाल दिवा मंद झाल्याचं लक्षात आलं का? त्यानं फिल्टर बंद केलाय. अमिगात तो दिवा फिल्टरचीही खूण आहे. मंद दिवा, मोकळा आवाज.

तेवढ्यात हॉलमधले दिवे जातात. घाबरू नका, वीज गेलेली नाही. मोठ्या पडद्यावर स्पर्धा सुरू होतेय. खुर्च्या सरकतात, टेबलांखालचे झोपलेले उठून बसतात, गर्दी पुढे सरकते आणि तुम्हीही तिच्याबरोबर रेटले जाता. कोणाचं कोपर बरगडीत आहे, कोणाचा श्वास मानेवर. मग खर्ज येतो, आणि तो कानाआधी छातीच्या पिंजऱ्यात पोचतो. क्रायोनिक्स आणि द सायलेंट्स या गटांचा ‘हार्डवायर्ड’ हा डेमो, म्हणजे चित्र आणि संगीत एकत्र चालवणारा प्रोग्राम, सुरू आहे. एकेक दृश्य आलं की शिट्ट्या, आरोळ्या, पायांचा थयथयाट. हे सगळं तशाच एका ५०० मधून येतंय, जसं तुम्ही आत्ता टेबलावर सोडून आलात, त्याच चार वाटांतून. स्पर्धा हाच डेमो जिंकतो.

त्याचं संगीत केलंय येस्पर किड या डॅनिश पोरानं. नाव ध्यानात ठेवा. पुढे तो ‘हिटमॅन’ आणि ‘असॅसिन्स क्रीड’ या गेम्सना संगीत देईल, आणि २०१८ साली ‘तुंबाड’ नावाचा सिनेमा येईल, कोकणातला पाऊस, पडका वाडा आणि जमिनीखालची हाव घेऊन. त्याचं पार्श्वसंगीतही याच येस्पर किडचं असेल. ऑर्समधल्या घामट हॉलमधून तुंबाडच्या चिखलापर्यंत जाणारी ही वाट खरीच आहे. राही अनिल बर्वे यांचा तो सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा डोळे मिटून नुसता ऐकून बघा.

दिवे परत लागले की कोणी झोपायला जात नाही. आता देवाणघेवाण सुरू होते. डिस्कांचे डबे उघडतात, कॉपी करणारे ड्राइव्ह घरघरायला लागतात. इथली बरीच पोरं एरवी एकमेकांना फक्त पोस्टातून भेटतात, पाकिटात दोन-चार फ्लॉप्या आणि एक चिठ्ठी. तिकिटांचा खर्च परवडत नाही म्हणून तिकिटावर डिंकाचा हात फिरवतात, म्हणजे शिक्का धुऊन तेच तिकीट पुन्हा चालतं. चिठ्ठीच्या तळाशी ‘तिकिटं परत पाठव’ असं लिहिलेलं असतं. पोस्टखात्याला हे आवडण्यासारखं नाही. पोरांना पत्र पोचल्याशी मतलब.

मुलगा तुमची चाल एका कोऱ्या डिस्कवर उतरवतो. जाण्याआधी त्या फाइलच्या पोटात काय जातंय तेवढं बघून घ्या, कारण मला या सगळ्या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. स्वर जातात, आज्ञा जातात, आणि प्रत्येक वाद्यही जसंच्या तसं जातं, त्याच्या लाटेसकट आणि लूपच्या आकड्यांसकट. झाकून ठेवलेलं काही नाही. ज्याच्या हाती डिस्क पडेल तो तुमची चाल ऐकेल, आणि हवं तर ट्रॅकरमध्ये उघडून प्रत्येक ओळ वाचेल, तुमचा सांधा कुठे आहे ते बघेल, तुमची लाट उचलून स्वतःच्या चालीत लावेल. अशा उचलेगिरीवरून भांडणंही होतात, कडाक्याची होतात. तरीही दारं बंद करायचं कोणी मनावर घेत नाही. वाद्यांच्या नावांसाठी ३१ ओळी आहेत, प्रत्येकीत २२ अक्षरं. तिथे वाद्याचं नाव कोणीच लिहीत नाही. तिथे निरोप असतात, मित्रांची नावं, पोस्टाचा पत्ता, मैत्रीण सोडून गेल्याची बातमी. मुलगा एका ओळीत तुमचं नाव टाकतो. स्पेलिंग तुम्हीच सांगा.

ती फाइल आजही वाजते. ‘.मॉड’ शेपटाच्या अशा हजारो चाली इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि त्या उघडणारे मिल्कीट्रॅकर, ओपनएमपीटी असे ट्रॅकर कोणत्याही साध्या लॅपटॉपवर चालतात, तेही फुकट. घरात सिंथेसायझर शिकणारं पोर असेल तर त्याला यातलं एक उतरवून द्या. आधी दुसऱ्याची चाल उघडायला सांगा, एकेक वाद्य स्वतंत्र वाजवून बघू दे, लूपची टोकं कुठे ठेवली आहेत ते शोधू दे. मग ३२ आकड्यांची एक रिकामी चौकट त्याच्यापुढे ठेवा, आणि आधी काय काढायचं ते त्याला सांगू नका.